दातातलं सूत

आचरा
३ ऑक्टोबर २००९

दादा,

फोन न करता लिहितेय. फोनवर तू 'बघू' म्हणतोस आणि मी 'बरं' म्हणते. मग दोघंही पावसाचं विचारतो.

तू आणून ठेवलेला पेटारा बंद पडला. तू त्याला सर्व्हर म्हणतोस, आई पेटारो म्हणते, मलाही आता तेच तोंडात बसलंय. दसऱ्यापासून त्याचा पुढचा दिवा लाल आहे. पडवीतल्या कॉम्प्युटरवर त्यातलं काहीच दिसत नाही. स्टुडिओ सुरू केल्यापासूनचं सगळं काम त्यात आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. लोकांना सांगते, मशीन आजारी आहे. लोक ऐकून घेतात.

कट्ट्याहून सर्वेशला बोलावलं होतं. तिथे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पेटाऱ्याने त्याला पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्याने 'होय' दाबलं. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. मी घाबरून वायर ओढली.

कामाचं जाऊ दे. बाबांची फिल्म त्यात आहे. तू पुण्याला गेलास त्या दिवाळीत किनाऱ्यावर काढलेली. बाबा हाक देतायत आणि माणसं रापणीचं जाळं ओढतायत, ती. कॅसेट विचारू नकोस. तिच्यावर नंतर एक लग्न भरलं. पेटाऱ्यात ठेवलेलं जात नाही, असं तूच म्हणाला होतास.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा तू गोव्याच्या इस्पितळात येऊन गेलास. पुढचं तू पाहिलं नाहीस. घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवत राहा. एका संध्याकाळी मी ती फिल्म लावली. बाबा बघत राहिले. हाक आली तेव्हा त्यांचे ओठ हलले. तेव्हापासून रोज दिवेलागणीला लावायचो. गणपतीत एकदा नुसता 'व' बाहेर पडला. जाळं ओढायच्या हाकेतला, 'वडा रे' मधला 'व'. आई स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे.

आता दिवेलागणीला बाबा काळ्या पडद्याकडे तोंड करून बसतात. आई राहू दे म्हणते, "बंद आसा ता. रवांदे." ते बसून राहतात. ओठ हलत नाहीत.

तू येऊन बघशील का?

दिव्या


पुणे
९ ऑक्टोबर २००९

दिव्या,

पेटारा पुन्हा चालू करू नकोस. सर्वेशला किंवा आणखी कुणाला हात लावू देऊ नकोस. वायर ओढलीस ते बरं केलंस.

आत चार डिस्क आहेत. एखादा फोटो पूर्ण असा एका डिस्कवर नसतो. त्याचे तुकडे होतात आणि ते चौघींवर पसरलेले असतात. सोबत एक हिशेब ठेवलेला असतो, तोही चौघींवर पसरलेला. त्यामुळे एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यावर काय होतं ते काढता येतं. दोन गेल्या तर येत नाही.

चार डिस्क एका दिवशी मरत नाहीत. माझा अंदाज असा की डिस्क ठीक आहेत, पेटाऱ्याला त्यांची ओळख राहिलेली नाही. दसऱ्याला वीज गेली होती का? कुणी डिस्क बाहेर काढल्या होत्या का? काढल्या असतील तर कोणती कुठल्या खणात होती ते मला हवं. त्यांच्यावर नंबर नाहीत.

चारही पाठव. खण पुढे ओढला की डिस्क बाहेर येते, तुला दाखवलं होतं. तळेऱ्याला पुण्याच्या गाडीवर दे. मी स्वारगेटला उतरवून घेईन.

मला यायला जमणार नाही. इथे काम आहे.

बाबा 'व' म्हणाले हे फोनवर का सांगितलं नाहीस?

प्रितम


आचरा
१४ ऑक्टोबर २००९

दादा,

फोनवर सांगितलं असतं तर तू 'अरे वा' म्हणाला असतास.

तुझं पत्र देताना हरिश्चंद्र पोस्टमन म्हणाला, "काय गो, घरात मोबायल आसत आणि भावाक पत्रां लिवतंस? उद्या कबुतरां पाळा, माका तरी सुट्टी मेळात." मी त्याला चहा दिला. आणखी पत्रं येणार म्हणून आधीच दिला.

आईला वाचून दाखवलं. चार डिस्क, तुकडे, एक गेली तरी बाकीच्यांवरून काढता येतं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे रापणच ना ती. ज्येच्या त्येच्या घरचो तुकडो. सगळे जोडले की एक जाळा. एकाचो फाटलो तर बाजूच्याचे डोळे बघून विणतत." मग एक खडा बाजूला टाकून, "तेका लिव. तेका समजात."

तुझा तुकडा अजून रापणीत आहे. तू कधी विचारलं नाहीस. तू बारावी झालास तेव्हा बाबांनी तुझ्या नावाने विणला होता, तोच. दर पावसाळ्यात तो मांडीवर घेऊन ते पायरीवर बसायचे. यंदा आईने दुरुस्त केला. तुकडा पाण्यात असला की माणूस रापणीत असतो. दोरीला त्याचा हात असो नसो, त्याचा वाटा घरी येतो. काल जाळ्याला तारली मासळी लागली. आपल्याकडे टोपली आली, त्यातली अर्धी तुझी होती. आम्ही खाल्ली.

वीज गेली नव्हती. कुणी काही काढलं नव्हतं.

डिस्क पाठवतेय. कापूस लावून बाबांच्या जुन्या पंच्यात बांधल्यात. बांधताना बाबांनी डाव्या हाताने पंचा धरून ठेवला. मी सांगितलं, दादाकडे चाललंय. तरी धरून ठेवला. मी सोडवायला गेले तेव्हा त्यांनीच सोडला.

दिवाळी तोंडावर आली. तू इथे त्या दिवाळीनंतर नाहीस.

दिव्या


पुणे
२५ ऑक्टोबर २००९

दिव्या,

तीन डिस्क मिळाल्या. तिघींवर हळदकुंकू आहे. एकीच्या पिनांमध्ये तांदळाचा दाणा अडकला होता, चिमट्याने काढला. कुणी काही काढलं नव्हतं ना?

मी रागावलो नाही. ऑफिसात सगळ्यांना दाखवल्या. आमच्याकडे सगळीकडून मेलेल्या डिस्क येतात. पुरात बुडालेल्या, जळलेल्या, कुणी रागाने भिंतीवर मारलेल्या. पूजा झालेली आजवर आली नव्हती. आमचे साहेब म्हणाले, "आधी उत्तरपूजा करा, मगच हात लावा."

चौथी तिथेच राहिली बहुतेक. हरकत नाही. तीन पुरतात. एक नसली तरी चालतं, रचनाच तशी आहे. फक्त सगळं हळू होतं. प्रत्येक वेळी नसलेलीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आधी तिघींच्या नकला काढायला घेतल्या. मूळ डिस्कवर कधी काम करायचं नाही, ती फक्त वाचायची. दोघींची नक्कल झाली. तिसरी मध्येच अडखळते, तिला वेळ देतोय. खरी अडचण क्रमाची आहे. सर्वेशच्या 'होय'ने जुनी नोंद पुसली गेली. कोणती पहिली, कोणती तिसरी, हे डिस्क आता सांगत नाहीत. मी एकेक क्रम लावून बघतोय.

चुकीच्या क्रमातही काहीतरी दिसतं. काल एक फोटो उघडला. वर नवरीचं कपाळ आणि मुंडावळ्या. त्याखाली समुद्राची एक पट्टी. त्याखाली कुणाचे तरी पाय, वाळूतले. बराच वेळ बघत बसलो. समुद्र आपलाच होता.

बाबा अजून बसतात का पडद्यासमोर?

प्रितम


आचरा
३० ऑक्टोबर २००९

दादा,

केली पूजा. आता ऐक.

दसऱ्याला आईने पाट मांडला. जाळं विणायची सुई, कोयता, मासे कापायची विळी, माझा कॅमेरा. मग म्हणाली, "त्या पेटाऱ्यातला काय ता भायर काड." मी म्हटलं, आई, तो चालू आहे. "मग? चलता ता हत्यार नाय? वर्षभर तेच्यावर खातंस ना? दसऱ्याक सगळ्यांची पूजा व्हता, ह्येणाच काय पाप केल्यान?" मी खण ओढले. चालू असतानाच. आईने चौघींना ओल्या फडक्याने पुसलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. बाबांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी पुढे गेले. आईनेच त्या परत लावल्या. तुला कळलं तर तू आईला बोलशील, म्हणून खोटं लिहिलं.

आज तिला क्रम विचारला. मी त्या पाटावर पेटाऱ्यातल्याच क्रमाने मांडल्या होत्या, डावीकडून उजवीकडे. आईने पहिली उचलली आणि पेटाऱ्यात उजवीकडून लावायला घेतलं. म्हणाली, "बरा काम उजव्या बाजूसून करतत. ह्या पण सांगूक होया तुमका?" म्हणजे सगळ्या उलट्या लागल्या. पहिली चौथ्या खणात गेली, चौथी पहिल्यात. तुझ्या पार्सलात सगळ्यात वर होती ती डावीकडच्या खणातली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या. उजवीकडची माझ्याकडे आहे. तीच मूळची पहिली.

ती राहिली नाही, दादा. मी ठेवून घेतली. मला वाटलं, चौथीसाठी तरी येशील.

तू लिहितोस, तीन पुरतात. एक नसली तरी चालतं. हे आम्हांला कळवायची गरज नव्हती. आम्ही चालवतोय. हळू चालतं, तेही तुझं बरोबर आहे.

बाबा अजून बसतात. आईने परवापासून पडद्यावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. ते टॉवेलासमोर बसतात.

दिव्या


पुणे
७ नोव्हेंबर २००९

दिव्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. घरी येऊन पुन्हा वाचलं.

तू समजतेस तसं नाही.

त्या दिवाळीनंतर मी निघालो ती सकाळ. बाबांना मी रापणीत हवा होतो, मी पुण्याची नोकरी धरली होती. भांडण झालं नाही. आमच्यात भांडण कधी झालंच नाही, तेवढं बोलणंच नव्हतं. सामान सत्यवानच्या रिक्षात ठेवलं आणि परत घरासमोरच्या खळ्यात आलो. बाबा पायरीवर जाळं घेऊन बसले होते. मी म्हटलं, "येतंय." त्यांनी वर बघितलं. 'ये' म्हणाले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. सत्यवान भोंगा वाजवत होता. बाबा बघत राहिले.

जाणारा 'येतंय' म्हणतो आणि घरचा माणूस 'ये' म्हणतो. शेजारचं कुणी मीठ मागून गेलं तरी आपल्याकडे त्याला 'ये' म्हणतात. मला म्हटलं नाही.

इस्पितळात मी आलो, कारण ते घर नव्हतं.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नाही. एका अक्षराची गोष्ट आहे.

आईने सांगितलेला क्रम अजून लावून बघितला नाही. बघतो.

प्रितम


आचरा
१५ नोव्हेंबर २००९

दादा,

तुझं पत्र वादळाच्या आदल्या दिवशी आलं. मग वीज गेली, फोन गेले. आज पोस्ट उघडलं म्हणून लिहितेय. आम्ही ठीक आहोत. कौलं गेली, मागचा माड पडला. पुढच्या आळीतल्या दोघांच्या होड्या अजून आलेल्या नाहीत.

बुधवारी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलं. रापणीची होडी वर घ्यायला सगळी वाडी किनाऱ्यावर उतरली. बायकासुद्धा. मीही दोरीला होते. हात पुष्कळ होते, पण एक ओढायचा तेव्हा दुसरा सोडायचा. हाक द्यायला कुणी नव्हतं. परशुरामकाकांनी दिली. पण त्यांची हाक आधी येते आणि श्वास मागून. "अरे वडतास की झोपाळ्यार बसलास?" असं ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांना खोकला आला. होडी आली कशीबशी. एक फळी फुटली. जाळी वाचली. तुझा तुकडाही.

घरी आले तर बाबांची खुर्ची पडवीच्या कडेला, बाबा पूर्ण भिजलेले, तोंड किनाऱ्याकडे. ओठ हलत होते. आवाज नव्हता. आई म्हणाली, सगळा वेळ असेच. तिने आत न्यायला बघितलं, तर त्यांनी डाव्या हाताने खांब धरला.

वीज नव्हती त्या दिवसांत आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. दाखवावं की नाही कळत नव्हतं. आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ह्या ता? अरे देवा. तेंच्या दातात सूत होता."

बाबा जाळं विणताना सूत दातात धरतात, तुला माहीत आहे. त्या सकाळी तुझाच तुकडा मांडीवर होता. आई दारात उभी होती. ती म्हणते, त्यांनी मान हलवली. म्हणते, रिक्षा गेल्यावर सूत तोंडातून काढलं, सुईला गुंडाळून ठेवलं आणि त्या दिवशी पुढे विणलं नाही.

मी म्हटलं, आई, तोंडातलं सूत काढायला कितीसा वेळ लागतो?

आई म्हणाली, "आणि रिक्षा थांबवक?"

खरं काय ते मला माहीत नाही. बाबांना विचारता येत नाही. मी तिथे नव्हते, तुझी बॅग घेऊन रिक्षाजवळ होते. मला फक्त भोंगा आठवतो.

दिव्या


पुणे
२३ नोव्हेंबर २००९

दिव्या,

क्रम आईने सांगितला तोच. उलटा लावला आणि नवरी पूर्ण आली, कपाळापासून पायांपर्यंत. समुद्र तिच्या मागे, जिथे असायला हवा तिथे. तुझं काम वाचलं. लोकांना सांग, मशीन बरी झाली. आईला सांग, पुढच्या वर्षी पूजा करायची तर पेटारा बंद करून, आणि बाहेरूनच.

फिल्म आलेली नाही.

फाइल आहे. उघडते. किनारा, माणसं, दोरी. बाबा पाठमोरे. ते वळतात, हात वर करतात, तोंड उघडतात. तिथे थांबते. अडखळणाऱ्या डिस्कवर नेमक्या त्या जागी चट्टा आहे. खाऱ्या हवेने पडला की वयाने, सांगता येत नाही. मी पुढून वाचून बघितलं, मागून वाचून बघितलं, थंड करून बघितलं. एक डिस्क नाही आणि एक तेवढ्या जागी वाचत नाही. म्हणजे त्या जागेपुरत्या दोन गेल्या. तीन पुरतात असं मी लिहिलं होतं. पुरत नाहीत. चौथी लागेल.

पाठवू नकोस. बसमध्ये धक्के लागतात. आता धोका नको. तिला आहे तिथून हलवूसुद्धा नकोस. मी नकला आणि अडखळणारीच्या जागी एक कोरी डिस्क घेऊन येतो. पेटाऱ्यातच लावू. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रजा मिळेल.

मी रोज ऑफिस सुटल्यावर फिल्म तिथपर्यंत बघतो. तोंड उघडतं तिथपर्यंत.

आईला विचार, सूत कुठल्या रंगाचं होतं. मला हिरवं आठवतंय. पण ते जाळं असेल.

प्रितम


आचरा
२८ नोव्हेंबर २००९

दादा,

तीन डिस्क बसने आल्या तेव्हा धक्क्यांचं काही लिहिलं नव्हतंस. मी काही म्हणत नाही.

चौथी देवाजवळ आहे. मी हात लावलेला नाही. आई लावते, रोज एक फूल. पाणी लावायचं नाही एवढं तिला पटवलंय.

सूत हिरवं. आई म्हणते, तुझ्या तुकड्याचं पहिल्यापासून हिरवंच, आपल्या घरच्या बाकी जाळ्याचं पांढरं. तुकडा लांबून ओळखता यावा म्हणून बाबा मुद्दाम मालवणहून आणायचे.

बाबांना सांगितलं, दादा येतो. त्यांनी डाव्या हाताने पडद्यावरचा टॉवेल काढला.

आई विचारते, "मासे खंयचे व्हये ता लिव. मागसून म्हणात, माका विचारूक नाय."

दिव्या


आचरा
१९ डिसेंबर २००९

दादा,

काल तुझा पोचल्याचा फोन आला. तू 'पोचलो' म्हणालास, मी 'बरं' म्हटलं. म्हणून लिहितेय.

तू इथे होतास तेव्हा बहुतेक वेळ पडद्याकडे बघत होतास. त्यामुळे काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत.

कोरी डिस्क भरायला लावलीस त्या सकाळी अर्धी वाडी आपल्या पडवीत होती. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या चालीने वाढत होता. परशुरामकाका दर थोड्या वेळाने विचारायचे, "खंयपर्यंत इली?" जशी काही बाहेर समुद्रात रापण टाकलीय. तू टक्के सांगायचास. ते मागच्यांना सांगायचे, "अजून खोलात आसा." तू जेवायला उठलास तेव्हा बाबांनी आईला खुणेने खुर्ची पुढे घ्यायला लावली. पेटाऱ्यावर पालथा हात ठेवला. तापलाय का बघत होते. तू लहानपणी तापायचास तेव्हा तुझ्या कपाळावर ठेवायचे, तसा. तू हात धुऊन येईपर्यंत काढून घेतला.

दिवेलागणीला तू फिल्म लावलीस. बाबा वळले, हात वर केला, तोंड उघडलं. आणि या वेळी हाक आली. "वडा रे!" पडवीतल्या माणसांच्या हातात काही नव्हतं, तरी सगळ्यांचे खांदे मागे गेले. माझेही. तू हसलास आणि डोळे पुसलेस, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलीस.

मी बाबांकडे बघत होते. ओठ हलतात का बघायला. हलले नाहीत. ते पडद्याकडे बघतच नव्हते, दादा. दिवसांचे दिवस टॉवेलासमोर बसलेला माणूस, आणि फिल्म लागली तर ते तुझ्याकडे बघत होते. मी तेव्हा बोलले नाही. तू एवढं करून आलास आणि ओठ हलले नाहीत, हे तुला कळू नये असं वाटलं.

आता निघतानाचं. तू पाया पडलास. 'येतंय' म्हणालास आणि थांबलास. बाबांच्या मांडीवर तुझा तुकडा होता. आईने दिला की त्यांनी मागितला, आई सांगत नाही. दातात काही नव्हतं. तू बराच थांबलास. सत्यवानने या खेपेला भोंगा वाजवला नाही. मी त्याला आधीच बजावून ठेवलं होतं. मग तूच म्हणालास, "रवांदे, बाबा." आणि निघालास. तळेऱ्याची गाडी चुकली असती, ते बरोबर आहे.

रिक्षा वळणापर्यंत दिसत होती. तिथे वळली.

बाबांनी ओठ मिटले. हाकेआधी घेतात तसा श्वास घेतला, खांदा वर करून, एकच खांदा. मला वाटलं 'व' येणार. आईलाही तेच वाटलं असणार, ती पुढे झाली.

"ये," म्हणाले.

आईने ऐकलं. मी ऐकलं. हाकेएवढं मोठं नव्हतं, वळणापर्यंत पोचलं नसतं. म्हणून पोस्टाने पाठवतेय.

दिव्या